परदेशातून टीव्ही आणताना : एका खरेदीचा हिशेब

आपल्या समाजात परदेशगमन आता नवलाईचे राहिलेले नाही. कोणाचा मुलगा दुबईत आहे, कोणाची मुलगी सिंगापुरात, तर कोणाचे जावई व्यापारानिमित्त हाँगकाँगला जाऊन-येऊन असतात. परतीच्या प्रवासात काहीतरी घेऊन यावे, ही इच्छाही तितकीच जुनी आहे. त्यातही मोठ्या पडद्याचा टीव्ही म्हणजे मोहाची वस्तू. तेथील दुकानातील किंमत आपल्या रुपयांत बदलून पाहिली की क्षणभर वाटते, एवढा फरक असताना येथे का घ्यावा?

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली. कर्जदारांचे ताळेबंद तपासताना एक गोष्ट मनावर ठसली की, कागदावर दिसणारा नफा आणि हातात येणारा नफा यांत बरेचदा मोठे अंतर असते. हेच अंतर डिसेंबर २०१९ मध्ये एका टीव्हीच्या निमित्ताने माझ्या स्वतःच्या घरात अनुभवास आले. तो अनुभव आणि त्यानिमित्ताने जमवलेली माहिती वाचकांच्या उपयोगी पडावी, म्हणून हा लेख.

जुनी गोष्ट : चित्र आले, आवाज नाही

हा प्रश्न आजचा नाही. भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. रंगीत प्रक्षेपण मात्र १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या वर्षी आले. त्यानंतरच्या काही वर्षांत परदेशातून रंगीत संच आणणे हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले होते.

आमच्या गल्लीतील एका व्यापारी कुटुंबाने त्या काळात परदेशातून असाच एक संच आणला. गल्लीतील सगळे लहानथोर दिवाणखान्यात जमले. व्हीसीआर जोडला, रंगीत चित्र आले, सर्वांनी टाळ्या वाजवल्या. पण आवाजाच्या जागी नुसती खरखर. यजमानांचा चेहरा पडला. पुढे एका कारागिराने संच उघडून आतील एक भाग बदलला, तेव्हा कोठे आवाज सुरू झाला.

त्या वेळी कारण कळले नव्हते, पुढे वाचनात आले. भारताने ६२५ रेषांची ‘पाल’ पद्धत स्वीकारली होती. अमेरिका व जपानमध्ये ५२५ रेषांची ‘एनटीएससी’ पद्धत होती. बरे, ‘पाल’ म्हटले की सर्वत्र सारखेच, असेही नव्हते. आपल्याकडे चित्र आणि ध्वनी यांच्या लहरींमध्ये ५.५ मेगाहर्ट्झचे अंतर ठेवलेले होते, तर ब्रिटन व हाँगकाँगमध्ये ते ६ मेगाहर्ट्झ होते. तेथील संचाला आपले चित्र ओळखू येई, आवाज मात्र सापडत नसे. दुकानदाराने ‘पाल’ असे खरेच सांगितलेले असे आणि तरीही ग्राहकाचे पैसे अडकत. नाव तेच असले तरी तपशील निराळा असू शकतो, हा धडा आजही जुना झालेला नाही.

डिसेंबर २०१९ : दुबईतील दुकान

आमची मुलगी व जावई दुबईत असतात. त्या वर्षीच्या डिसेंबरअखेर मी व सौभाग्यवती त्यांच्याकडे गेलो होतो. शॉपिंग फेस्टिव्हलचे दिवस होते. मुलीच्या मनात आधीपासूनच एक बेत होता. नाशिकला माझी आई, म्हणजे मुलीची दादी, तेव्हा ८६ वर्षांची होती. गुडघ्यांमुळे तिचे स्थानकात जाणे दोन वर्षांपासून बंद झाले होते. सकाळचे प्रवचन ती टीव्हीवर ऐकत असे. दृष्टी मंदावली होती, ऐकूही कमी येत असे. आमचा ३२ इंचांचा जुना संच तिला पुरत नव्हता. महाराजसाहेबांचा चेहरा नीट दिसत नाही, असे ती फोनवर नातीला सांगत असे.

मुलीने ५५ इंचांचा, फोर-के म्हणून ओळखला जाणारा संच पसंत करून ठेवला होता. किंमत २,००० दिरहॅम. त्या वेळच्या सुमारे साडेएकोणीस रुपये दराने ३९,००० रुपये झाले. तशाच आकाराच्या, त्याच दर्जाच्या संचाला नाशिकच्या दुकानात ६४,००० रुपये सांगितले होते. सरळ पंचवीस हजारांचा फरक दिसत होता.

“पप्पा, तुम्ही काही बोलू नका, हे मी दादीसाठी देतेय,” मुलगी म्हणाली.

जावईबापूंनीही पुस्ती जोडली, “पप्पाजी, पन्नास हजारांपर्यंत तर ड्यूटी-फ्री आहेच. बिल एकोणचाळीसचं आहे. काहीच भरावं लागणार नाही.”

विक्रेता आपल्याच देशातला होता. तो हसून म्हणाला, “सर, हवं तर बिल कमी रकमेचं करून देतो. मुंबईला ग्रीन चॅनेलमधून सरळ निघून जा. कोण विचारतं?”

मी दोघांकडेही एक दिवस मागून घेतला.

पन्नास हजारांचा गैरसमज

जावईबापूंचा गैरसमज त्यांच्या एकट्याचा नव्हता. आजवर किमान दहा-बारा परिचितांकडून मी तेच ऐकले आहे. वस्तुस्थिती अशी होती. १ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या बॅगेज नियमांत परदेशातून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला सर्वसाधारणपणे ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूंवर सूट होती. तथापि त्याच नियमांना जोडलेल्या पहिल्या परिशिष्टात सूट न मिळणाऱ्या वस्तूंची यादी होती. त्या यादीत दागिन्यांखेरीजचे सोने-चांदी, शंभराहून अधिक सिगारेटी, शस्त्रे यांच्या पंक्तीत सपाट पडद्याचा टीव्हीही होता. मग तो एलसीडी असो, एलईडी असो वा प्लाझ्मा. म्हणजे संच दहा हजारांचा असला तरी त्याच्या पूर्ण किमतीवर कर द्यावा लागणार. दर ३५ टक्के आणि त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, मिळून ३८.५ टक्के.

टीव्ही या यादीत कसा आला, हे व्यापाऱ्यांना उद्बोधक वाटेल. २०१३ पर्यंत सपाट पडद्याचा संच सर्वसाधारण सवलतीत बसत असे, आणि ती सवलत तेव्हा ३५,००० रुपये होती. बँकॉक व दुबईहून येणाऱ्या विमानांत टीव्हीची खोकी भरभरून येऊ लागली. सहलीचा खर्च टीव्हीतून निघतो, असे लोक उघड बोलत. नेमक्या त्याच काळात देशाच्या परकीय चलनाची स्थिती अवघड झाली. २०१२-१३ मध्ये चालू खात्यावरील तूट सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४.८ टक्क्यांपर्यंत गेली होती आणि ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया डॉलरला ६८ च्या पलीकडे घसरला. त्याच महिन्यात सरकारने ही सूट काढून घेण्याचे जाहीर केले आणि २६ ऑगस्ट २०१३ पासून विमानतळावर टीव्हीवर कर लागू झाला. बँकेत परकीय चलनाचे काम पाहणाऱ्या आम्हा मंडळींना त्या वेळी या निर्णयाचा अर्थ चटकन कळला होता. विमानतळावरील एक खोके म्हणजे देशाबाहेर गेलेले काहीशे डॉलर, इतका तो साधा होता.

मी मांडलेला हिशेब

त्या रात्री मी जावईबापूंच्या जेवणाच्या टेबलावर वही उघडली. मांडलेले आकडे जसेच्या तसे देतो.

दुकानातील किंमत ३९,००० रुपये. यात तेथील ५ टक्के मूल्यवर्धित कर समाविष्ट होता. पर्यटकाला त्या वेळी त्यातील ८५ टक्के रक्कम, प्रत्येक बिलामागे ४.८० दिरहॅम शुल्क वजा करून, परत मिळत असे. ती साधारण १,४८० रुपये होत होती. ती वजा केली. कार्डाने पैसे दिल्यास चलनबदलाचे साडेतीन टक्के आणि त्यावरील जीएसटी मिळून १,६१० रुपये. भारतातील सीमाशुल्क १५,०१५ रुपये. मोठ्या खोक्यासाठी विमान कंपनीने सांगितलेले जादा सामानाचे भाडे सुमारे ६,००० रुपये. मुंबई विमानतळावरून नाशिकला येताना नेहमीच्या मोटारीत ते खोके बसणार नव्हते. मोठ्या गाडीचे वाढीव भाडे २,००० रुपये. एकूण बेरीज ६२,१४५ रुपये.

नाशिकची किंमत ६४,००० रुपये. पंचवीस हजारांचा फरक वहीच्या एका पानात दोन हजारांच्या आत आला होता. प्रवासात पडदा तडकण्याची जोखीम मी त्यात धरलेलीही नव्हती.

वही पाहून मुलगी गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, “पप्पा, तुम्ही प्रत्येक गोष्टीत हिशेबच बघता. मला दादीला काहीतरी द्यायचं होतं.” हे शब्द मला लागले. ती चुकीचे बोलत नव्हती.

“ग्रीन चॅनेलनं गेलो तर पंधरा हजार वाचतात, पप्पाजी,” जावईबापू हळूच म्हणाले.

मी त्यांना एवढेच सांगितले, की पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या खोट्या बिलांवर शेरे मारले, आता स्वतःच्या नावाचे खोटे बिल खिशात घालून रांगेत उभे राहणे मला जमणार नाही. आणि ज्या टीव्हीवर आई प्रवचन ऐकणार, तो तरी दोन नंबरचा नको. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे सामानाची खरी माहिती देणे हे प्रवाशाचे कर्तव्य आहे. माहिती दडवली तर वस्तू जप्त होऊ शकते आणि दंडही होतो. त्याउलट, लाल मार्गाने जाऊन बिल दाखवले की कर भरून पावती मिळते आणि माणूस ताठ मानेने बाहेर पडतो. त्याच वर्षी सीमाशुल्क विभागाने ‘अतिथी’ नावाचे ॲप सुरू केले होते, त्यावरून सामानाची नोंद आधीच करता येत असे. समजा ऐनवेळी कर भरणे शक्य नसेल किंवा भरायचा नसेल, तर कलम ८० प्रमाणे वस्तू विमानतळावर ताब्यात ठेवून परत जाताना नेण्याचीही सोय आहे. प्रामाणिक माणसाला कायद्यात वाट असते. ती विचारून घ्यावी लागते.

जावईबापू यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, “पप्पाजी, कर भरूनच नेऊ. पण आधी तो टीव्ही घरी चालेल का, हे तरी बघू.”

चालेल का? : पाठीमागची बाजू

दुकानात टीव्हीची पुढची बाजू सगळेच पाहतात. आम्ही दुसऱ्या दिवशी मागची बाजू पाहायला गेलो. विक्रेत्याला ते विचित्र वाटले, पण त्याने संच वळवून दिला.

प्रथम विद्युत्पुरवठा. भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर, थायलंड, हाँगकाँग येथेही दाब जवळपास तोच असल्याने प्रश्न येत नाही. फक्त दुबई, सिंगापूर व हाँगकाँगची पिन तीन चपट्या पायांची, ब्रिटिश पद्धतीची असते, तेवढी बदलावी लागते. अमेरिकेत मात्र १२० व्होल्ट आणि जपानमध्ये १०० व्होल्ट. तेथून संच आणायचा असेल तर पाठीवरील पट्टी वाचावी. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे लिहिलेले असेल तर हरकत नाही. केवळ ‘११०–१२० व्होल्ट’ असेल तर थेट आपल्या सॉकेटमध्ये लावताच संच जळण्याची भीती असते.

दुसरा मुद्दा ट्यूनरचा, म्हणजे हवेतील प्रक्षेपण पकडणाऱ्या भागाचा. जुन्या ‘पाल’ व ‘एनटीएससी’च्या जागी आता डिजिटल पद्धती आल्या, पण जगाची विभागणी कायम राहिली. भारत, अमिराती, सिंगापूर व थायलंडमध्ये ‘डीव्हीबी-टी२’, अमेरिकेत ‘एटीएससी’, जपानमध्ये ‘आयएसडीबी’, चीन व हाँगकाँगमध्ये ‘डीटीएमबी’. ज्याच्या घरी केबलचा किंवा डिशचा सेट-टॉप बॉक्स आहे, त्याने याची फार चिंता करू नये; तेथे ट्यूनरचे काम बॉक्स करतो आणि टीव्ही केवळ पडदा ठरतो. अँटेना लावून दूरदर्शन पाहणाऱ्याने मात्र हे तपासलेच पाहिजे.

तिसरा मुद्दा, जोडणीची छिद्रे. येथे आमची खरी गाठ पडली.

नाशिक हे केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातील शहर. देशातील ३८ शहरांबरोबर आपल्याला ३१ मार्च २०१३ ची मुदत होती. त्या वेळी घाईघाईने घराघरांत जे सेट-टॉप बॉक्स बसले, त्यांतील अनेक साध्या प्रतीचे होते. मी नाशिकला मुलाला फोन करून आमच्या बॉक्सच्या मागच्या बाजूचे छायाचित्र मागवले. त्यावर पिवळे, पांढरे व लाल अशी तीन गोल छिद्रे होती. एचडीएमआयचे चपटे छिद्र नव्हतेच. आणि दुबईच्या त्या सुबक, पातळ संचाला तीन गोल छिद्रे नव्हती, सारी एचडीएमआयची. म्हणजे टीव्ही घरी पोहोचला असता, सुरूही झाला असता, पण आईचे प्रवचन त्यावर लागले नसते.

बॉक्स बदलता आला असता, हे खरे. पण मग रिमोट बदलणार. आईला त्या जुन्या रिमोटवरचे दोन खटके बोटांनी चाचपून ठाऊक होते. डोळ्यांनी नव्हे, स्पर्शाने ती तो वापरत असे.

चौथी गोष्ट आवाजाची. आई लांब वायरचा हेडफोन लावून ऐकत असे. नव्या संचाला हेडफोनचे छिद्रच नव्हते. बिनतारी हेडफोनची सोय होती. पण तो चार्ज करणे, जोडणे, तुटल्यास पुन्हा जोडणे हे ८६ वर्षांच्या व्यक्तीने रोज सकाळी करायचे होते.

पाचवी गोष्ट चित्राची. दुकानात लखलखीत दिसणारे चित्र हे खास फोर-केसाठी तयार केलेले असते. फोर-के पडद्यावर आडवे ३,८४० व उभे २,१६० ठिपके असतात, फुल एचडीवर १,९२० गुणिले १,०८०. आपल्याकडील साध्या वाहिनीचे चित्र असते ७२० गुणिले ५७६. गुणाकार करून पाहिला तर फुल एचडीत साध्या चित्राच्या पाचपट आणि फोर-केमध्ये वीसपट ठिपके भरतात. आई पाहत असलेली वाहिनी साध्या प्रतीचीच होती. एका ठिपक्याचे वीस ठिपके टीव्हीने अंदाजाने तयार करायचे. चेहरा मोठा झाला असता, पण स्पष्ट झाला असता, याची खात्री नव्हती.

सहावी गोष्ट, स्मार्ट टीव्हीतील ॲप्सची. संच ज्या देशात विकला जातो, त्या देशाच्या यादीप्रमाणे त्यातील ॲप्स दिसतात. काही संचांत देश बदलता येतो, काहींत येत नाही. दुकानातच मेनू उघडून ‘भारत’ हा पर्याय आहे का, आणि घरी आपण जी ॲप्स वापरतो ती दिसतात का, हे पाहावे.

सातवी आणि सर्वांत खर्चिक गोष्ट हमीची. त्या संचाच्या हमीपत्रावर ती केवळ आखाती देशांपुरती असल्याचे स्पष्ट छापलेले होते. पडदा बिघडल्यास दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या निम्म्याहून अधिक होऊ शकतो. शिवाय त्याच नावाचा संच निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या क्रमांकाने विकला जातो, त्यामुळे सुटे भाग मिळण्याचीही शाश्वती नसते.

अशा सात कसोट्यांपैकी तीनांवर तो संच उत्तीर्ण झाला. मुलीने स्वतःच विक्रेत्याचे आभार मानले आणि आम्ही बाहेर पडलो.

अंतराचे गणित

नाशिकला परतल्यावर मी फूटपट्टी काढली. आईची खुर्ची टीव्हीपासून नऊ फुटांवर होती. ५५ इंचांचा पडदा नऊ फुटांवरून जेवढा मोठा दिसतो, तेवढाच ४३ इंचांचा पडदा सात फुटांवरून दिसतो. आणि तोच सहा फुटांवरून पाहिला तर नऊ फुटांवरील ६४ इंचांच्या पडद्याएवढा. खुर्ची पुढे सरकवायला काही खर्च नव्हता! इतके दिवस कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण खुर्ची नेहमी भिंतीलाच टेकलेली असायची.

आम्ही नाशिकमध्येच ४३ इंचांचा फुल एचडी संच घेतला. घेण्यापूर्वी घरचा सेट-टॉप बॉक्स, त्याची वायर आणि आईचा हेडफोन पिशवीत घालून दुकानात नेला आणि तेथेच जोडून पाहिला. दुकानदार ओळखीचा होता, तो हसला, पण म्हणाला, “काका, सगळे गिऱ्हाईक असं करतील तर माझ्या निम्म्या तक्रारी कमी होतील.” पैसे मुलीने दुबईहून पाठवले. बिलावर मी आग्रहाने तिचेच नाव घालून घेतले आणि ते बिल आईला वाचून दाखवले. आईने ते घडी करून आपल्या डबीत ठेवले.

तीन महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. स्थानके व मंदिरे बंद झाली. त्या वर्षीची महावीर जयंती, पर्युषण, सारे आपण सर्वांनी घरात बसूनच साजरे केले. राज्यातील धर्मस्थळे पुन्हा उघडली ती १६ नोव्हेंबरला. त्या आठ महिन्यांत आईला मात्र काही वेगळे वाटले नाही. ती म्हणे, “आता तुम्ही सगळे माझ्यासारखे झालात.” जुलैमध्ये एके दिवशी टीव्हीचा आवाज गेला. हमी होती, त्यामुळे कंपनीचा कारागीर मास्क लावून घरी आला, आतील एक बोर्ड बदलला, एक पैसाही लागला नाही. मुलीला फोनवर हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “पप्पा, त्या दिवशी मी रागावले होते. तुमचा हिशेब बरोबर होता.”

मी तिला सांगितले की हिशेब अपुरा होता. वहीत मी रुपये मांडले होते, पण तीन गोल छिद्रे आणि दादीची बोटे मांडली नव्हती. ती जावईबापूंच्या प्रश्नामुळे लक्षात आली.

व्यापारी वाचकांसाठी आणखी थोडे

कोणाच्या मनात विक्रीसाठी संच आणण्याचा विचार असेल, तर वैयक्तिक सामान आणि व्यापारी माल या दोन पूर्णतः भिन्न गोष्टी आहेत. ३० जुलै २०२० रोजी रंगीत टीव्हीची आयात निर्बंधित यादीत घातली गेली, म्हणजे परवान्यावाचून ती करता येत नाही. ३२ इंच व त्याहून मोठ्या संचांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीही आवश्यक असते. प्रवाशांच्या बॅगांतून एकेक संच आणून दुकानात मांडणे हा धंदा नव्हे, ती जोखीम आहे. दुसरीकडे, देशांतर्गत चित्र ग्राहकाच्या बाजूने बदलले आहे. ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी पूर्वी २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. माझ्या २०१९ च्या वहीतील फरक त्यामुळे आणखी आक्रसला असता.

परदेशातून संच आणूच नये, असे माझे म्हणणे नाही. येथे न मिळणारा एखादा विशिष्ट संच कोणाला हवा असू शकतो. त्याने आणावा, पण क्रमाने पुढे जावे. प्रवासाच्या आठवड्यात सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचा नियम व दर पाहावा, कारण अंदाजपत्रकासरशी हे आकडे बदलतात. खोक्याची लांबी-रुंदी विमान कंपनीला कळवून लेखी होकार घ्यावा. पाठीवरील व्होल्टची पट्टी आणि सारी छिद्रे यांचे छायाचित्र काढून घरच्या बॉक्सशी ताडून पाहावे. हमी भारतात चालते का, हे हमीपत्रावर वाचावे, विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नये. खऱ्या रकमेचे बिल घ्यावे आणि लाल मार्गाने यावे. एवढे करूनही रक्कम येथील किमतीहून पुरेशी कमी भरत असेल, तर जरूर आणावा.

आणि घेण्यापूर्वी, तो टीव्ही ज्याच्यासाठी घ्यायचा त्याच्या खुर्चीत एकदा स्वतः बसून पाहावे. आमची आई २०२२ मध्ये गेली. तिची खुर्ची अजून त्याच जागी, पडद्यापासून सहा फुटांवर आहे. सकाळी आता मी तिथे बसतो. बिलाची घडी डबीत तशीच आहे.